पेढी आणि संगणक : कुलूप कोणी लावले?

‘आपल्याला ही फाइल उघडण्याची परवानगी नाही.’ संगणक अनेक प्रकारच्या सूचना देत असतो. परंतु एकत्र कुटुंबाच्या पेढीत या एका वाक्याने जितकी कुजबुज होते, तितकी दुसऱ्या कशानेही होत नाही. प्रिंटर अडला तर दोष प्रिंटरचा, इंटरनेट गेले तर दोष वायरीचा. परवानगी नाकारली गेली, की मात्र मनात पहिला प्रश्न उमटतो तो माणसाविषयी : कोणी नाकारली? काल उघडणारी खरेदीची फाइल आज उघडत नाही, म्हणजे काकांनी आपल्याला बाजूला सारले का? मुनीमजींना कोणी काही सांगितले का? त्यात महिन्याची २० तारीख असेल, जीएसटीचे ३-बी विवरण भरायचे असेल आणि कर सल्लागाराचा फोन तिसऱ्यांदा वाजत असेल, तर संशयाला शब्द फुटायला वेळ लागत नाही.

वाचकहो, बहुतेक वेळा हे कुलूप कोणीही हेतुपुरस्सर लावलेले नसते. यंत्राच्या काही नियमांमुळे ते आपोआप बसते, आणि ते नियम एकदा कळले की किल्ली सापडते. आजच्या लेखात त्या नियमांची ओळख करून घेऊ.

एक कपाट, तीन गावे

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील व्यापारी घराण्यांना हा विषय विशेष जवळचा आहे. दुकान उल्हासनगरच्या बाजारपेठेत, कारखाना वा गोदाम अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आणि राहते घर बदलापुरात, अशी विभागणी येथे सहज आढळते. फर्निचर असो, जीन्स असो वा कापड असो, एकाच हिशेबाला तीन ठिकाणांहून हात लागतात. त्यासाठी पेढीत एक छोटी पेटी येते. तिला ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ किंवा थोडक्यात ‘नॅस’ म्हणतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप, वेस्टर्न डिजिटल अशा कंपन्यांच्या या पेट्या आता अनेक पेढ्यांत दिसतात. टॅलीचा डेटा, खरेदीची बिले, ई-वे बिलांच्या प्रती, बँकेची पत्रे असे सारे तीत राहते.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. ही पेटी म्हणजे केवळ मोठा पेनड्राइव्ह नव्हे. तो स्वतंत्र संगणक आहे. त्याच्या आत बहुधा लिनक्स प्रणाली चालते आणि त्याच्याजवळ स्वतःची वापरकर्त्यांची यादी असते. आपल्या टेबलावरील विंडोज संगणकात आपण ज्या नावाने प्रवेश करतो, ते नाव पेटीच्या यादीत असेलच असे नाही. पेढीवर सर्वजण ज्यांना ओळखतात, त्यांना नवा पहारेकरी ओळखत नाही, तसाच हा प्रकार.

तीन दरवाजे

फाइलपर्यंत पोहोचण्यासाठी तीन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला दरवाजा ओळखीचा : नाव आणि पासवर्ड. दुसरा सामायिक फोल्डरचा : ‘हिशेब’ या फोल्डरात या व्यक्तीने शिरावे की नाही. तिसरा दरवाजा आतील प्रत्येक फोल्डर व फाइलचा : वाचावे, लिहावे की काहीच करू नये. पेढीचे शटर, आतली खोली आणि खोलीतील तिजोरी, असा क्रम डोळ्यांपुढे ठेवला की पुरे.

नियम असा, की तिन्ही दरवाजे उघडले तरच काम होते, आणि ज्या दरवाजाचे बंधन अधिक कडक, तेच शेवटी चालते. सामायिक फोल्डरावर ‘वाचा व लिहा’ असे असले, पण आतील फाइलवर ‘फक्त वाचा’ असले, तर लिहिता येणार नाही. दुसरा नियम असा, की स्पष्ट नकार हा होकारावर मात करतो. पुतण्या ‘हिशेब’ गटात असल्याने त्याला लिहिण्याचा अधिकार आहे. पण तो ‘गोदाम’ गटातही आहे आणि त्या गटाला हिशेबाच्या फोल्डरात प्रवेश नाकारलेला आहे, तर पुतण्याला दार बंदच मिळेल. येथे कोणीही त्याचे नाव घेऊन काही केलेले नाही. दोन गटांतील सभासदत्वाचा हा परिणाम आहे. म्हणून नकार शक्यतो लिहूच नये; ज्याला अधिकार द्यायचा नाही त्याचे नाव यादीत न घालणे पुरेसे असते.

आधी विचारावयाचा प्रश्न

अडचण आली की लगेच पेटीच्या सेटिंगमध्ये हात घालू नये. वैद्य आधी नाडी पाहतो, त्याप्रमाणे एक प्रश्न विचारावा : अडचण कोणाला आहे आणि कशाला आहे?

एकाच माणसाला, पण सर्व फोल्डरांत अडचण असेल, तर दोष पहिल्या दरवाजाचा, म्हणजे ओळखीचा. एकाच माणसाला आणि एकाच फोल्डरात अडचण असेल, तर त्याचे गट तपासावेत. सर्वांना एकाच फाइलची अडचण असेल, तर त्या फाइलवरील अधिकार बिघडले आहेत. आणि सर्वांना सर्वत्र लिहिता येत नसेल, तर तो अधिकाराचा प्रश्नच नसण्याची शक्यता अधिक : डिस्क भरलेली असेल, कोणाला ठरवून दिलेली जागेची मर्यादा संपली असेल, किंवा अचानक वीज गेल्यानंतर फाइलप्रणालीत दोष आढळल्याने पेटीने स्वतःला ‘फक्त वाचा’ अवस्थेत नेले असेल. या शेवटच्या प्रकारात अधिकार बदलत बसणे व्यर्थ आहे. आधी डिस्कचे आरोग्य पाहावे, प्रत काढून घ्यावी आणि जाणकाराला बोलवावे. पेटीला यूपीएस जोडलेला असावा, हे त्यातूनच समजते.

यंत्र आपल्याला कोण समजते?

ओळखीच्या दरवाजावरचा नेहमीचा घोटाळा असा. विंडोज एकदा वापरलेले नाव व पासवर्ड लक्षात ठेवते. मुनीमजींच्या संगणकावर पुतण्याने एकदा स्वतःच्या नावाने पेटी उघडली आणि ‘लक्षात ठेवा’ या चौकटीत खूण केली, की पुढे मुनीमजी बसले तरी पेटी त्यांना पुतण्याच समजते. पुतण्याचा पासवर्ड बदलला, की दंड मुनीमजींना. यावर उपाय : कंट्रोल पॅनेलमधील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडावा, पेटीच्या नावाची जुनी नोंद काढावी, जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह तोडावा, संगणकातून बाहेर पडून पुन्हा आत यावे आणि योग्य नावाने नव्याने जोडावे.

एकाच वेळी एका पेटीशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडणी करण्यास विंडोज नकार देते. त्यावेळी १२१९ क्रमांकाची त्रुटी दिसते. खात्री करून घ्यायची असेल, तर पेटीच्या नावाऐवजी तिच्या आयपी पत्त्याने जोडून पाहावे. विंडोज त्याला वेगळे ठिकाण मानते. तसे केल्यावर फाइल उघडली, तर दोष जुन्या ओळखीचा होता हे निश्चित.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. एखाद्याला नव्या गटात घातले, तरी चालू जोडणीला त्याची वार्ता नसते. ‘अधिकार दिला, तरीही उघडत नाही’ अशी तक्रार येते ती यामुळे. एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे. पुष्कळदा तेवढेच पुरते.

नवा संगणक घेतल्यावर जुनी पेटी उघडत नाही, हाही आता नित्याचा अनुभव आहे. पूर्वी अनेक पेढ्यांत पासवर्डाशिवाय, ‘पाहुणा’ म्हणून पेटी उघडण्याची सवय होती. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीपासून प्रो संस्करणात असा पाहुण्याचा प्रवेश मूळ मांडणीतच बंद आहे. तसेच एसएमबी-१ ही जुनी संवादपद्धती २०१७ पासूनच्या विंडोजमध्ये नव्या स्थापनेत सहसा नसते. अशा वेळी ‘ते जुने काहीतरी चालू करून द्या’ असा आग्रह तंत्रज्ञाकडे धरू नये. प्रत्येकाला नाव व पासवर्ड द्यावा आणि पेटीची प्रणाली अद्ययावत करावी. पेटी इतकी जुनी असेल की ते शक्यच नाही, तर तिची निवृत्तीची वेळ झाली आहे.

हलविलेली फाइल आणि उतरविलेली फाइल

सर्वांना एकाच फाइलची अडचण येण्याचे सर्वांत सामान्य कारण फारच साधे आहे. फाइलची प्रत काढून ती दुसऱ्या फोल्डरात ठेवली, तर ती नव्या फोल्डराचे नियम स्वीकारते. पण तीच फाइल उचलून त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरात हलविली, तर बहुधा ती जुन्या जागेचे नियम बरोबर घेऊन जाते. काकांनी आपल्या खाजगी फोल्डरातील दरपत्रक उदारपणे ‘विक्री’ फोल्डरात हलविले. परंतु त्या दरपत्रकावर ‘फक्त काकांसाठी’ ही चिठ्ठी चिकटलेलीच राहिली. काकांना वाटते, मी तर दिले. पुतण्याला वाटते, दाखवून लपविले. दोघेही खरे बोलत असतात. उपाय : ‘विक्री’ फोल्डरावरील अधिकार आतील सर्व फाइलींना पुन्हा लागू करावेत, आणि पुढे हलविण्याऐवजी प्रत काढण्याची सवय लावावी.

स्कॅनरने किंवा मोबाइलमधील ॲपने पेटीत टाकलेल्या फाइलींचेही असेच होते. त्या फाइलींचा मालक स्कॅनरचे खाते असते. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी अधिकार असतात. वाचण्यास ४, लिहिण्यास २, चालविण्यास १ असे अंक आहेत. ६४४ याचा अर्थ मालकाने वाचावे व लिहावे, बाकीच्यांनी केवळ वाचावे. मुनीमजींना बिल दिसते, पण त्यात दुरुस्ती करता येत नाही, ते या ६४४ मुळे. फोल्डराच्या बाबतीत १ या अंकाचा अर्थ निराळा असतो : त्या फोल्डरातून आत जाण्याची मुभा. ती नसेल, तर आतल्या फाइलीवर कितीही अधिकार असले तरी उपयोग नाही.

उघडते, पण जतन होत नाही

एक्सेलची फाइल उघडते, आकडे भरता येतात, मात्र जतन करताना नकार येतो. याचे कारण असे, की एक्सेल जुन्याच फाइलवर सरळ लिहीत नाही. ते त्याच फोल्डरात एक तात्पुरती फाइल तयार करते, जुनी काढते आणि नवीला जुन्याचे नाव देते. म्हणून फाइलवर लिहिण्याचा अधिकार असून भागत नाही. फोल्डरात नवी फाइल निर्माण करण्याचा व जुनी काढण्याचा अधिकारही लागतो. ‘कोणी चुकून पुसू नये’ या काळजीने काढण्याचा अधिकार बंद केला, की जतन करणेही बंद पडते. पुसण्याची भीती असेल, तर पेटीतील ‘रिसायकल बिन’ चालू करावा. सोय असल्यास ‘स्नॅपशॉट’ही घ्यावेत.

टॅलीचा डेटा सामायिक फोल्डरात असेल, तर टॅली वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या फोल्डरात वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार हवा. कोणी केवळ अहवाल पाहावेत, नोंदी करू नयेत, असे हवे असेल तर ते बंधन टॅलीच्या आतील वापरकर्ता-व्यवस्थेत घालावे. पेटीच्या अधिकारांनी ते साधू नये. आणि ‘फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे’ ही सूचना परवानगीची नव्हे. ती फाइल बदलापूरच्या घरी कोणाच्या तरी संगणकात रात्रीपासून उघडी राहिलेली असते, एवढाच तिचा अर्थ.

नाव तेच, माणूस निराळा

माणसे नावाने ओळखतात, यंत्र क्रमांकाने ओळखते. एखाद्याचे खाते काढून टाकून त्याच नावाने पुन्हा तयार केले, तर यंत्राच्या दृष्टीने तो नवा माणूस ठरतो आणि जुन्या फाइली जुन्या क्रमांकाच्याच मालकीच्या राहतात. विंडोजमध्ये अशा वेळी नावाच्या जागी लांबलचक अंकांची ओळ दिसते. तात्पर्य, पासवर्ड विसरल्यास तो बदलावा. खाते काढून नवे करू नये.

पावसाळ्यापूर्वी प्रती काढणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. २६ जुलै २००५ चा पूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस आपल्या पट्ट्यातील कोणीही विसरलेले नाही. उल्हास नदीच्या काठाने व्यापार करणाऱ्याने हिशेबाची प्रत उंचावर आणि दुसऱ्या गावी ठेवावी, हे योग्यच. पण ती प्रत साध्या पेनड्राइव्हवर असेल, तर त्यावरील एफएटी-३२ किंवा एक्सफॅट या पद्धतींत मालक व अधिकार यांची नोंद होतच नाही. फाइली परत मिळतात. कुलपे-किल्ल्या मिळत नाहीत. म्हणून पेटीतील बॅकअपच्या सोयीनेच प्रत घ्यावी आणि अधिकारांची यादी कागदावर लिहून ठेवावी.

सर्वांना सर्व देण्याचा मोह

इतका खटाटोप कशाला, सर्वांना सर्व अधिकार देऊन टाका, असे सुचविणारे पुष्कळ भेटतात. तंत्रज्ञ ७७७ हा अंक टाकतो, सूचना नाहीशी होते, सर्वांना हायसे वाटते. पण तिजोरीचे दार उखडून ठेवल्यावर ती अडणार नाहीच.

धोका दूरचा नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विषाणूने जगभर थैमान घातले, तेव्हा आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. तो विषाणू एका संगणकात शिरल्यावर तेथील प्रशासकाची ओळख चोरून, तसेच जुन्या एसएमबी-१ मधील उणिवेचा लाभ घेऊन, पुढच्या संगणकांत जात असे. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर या विषाणूने क्यूनॅपच्या पेट्यांतील फाइली पासवर्डबंद करून ०.०१ बिटकॉइनची खंडणी मागितली. तो शिरला होता इंटरनेटला उघड्या असलेल्या पेट्यांतील उणिवेतून. म्हणून घरून काम करण्यासाठी पेटी थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये, व्हीपीएन वापरावे. आणि सामान्य खंडणी-विषाणू ज्या माणसाच्या संगणकात शिरतो, त्या माणसाला जिथे लिहिता येते तिथवरच पेटीत पोहोचतो. गोदामातील संगणकाला हिशेबात लिहिण्याचा अधिकारच नसेल, तर तेथून आलेली आग हिशेबापर्यंत येत नाही.

शिवाय कायद्याचीही बाजू आहे. जीएसटीखालील लेखे वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने, आणि कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहणेही बंधनकारक आहे. सर्वजण एकाच नावाने काम करीत असतील, तर ती नोंद असून नसल्यासारखी.

पेढीची घडी

नीट घडी बसविण्यास एक दुपार पुरते. व्यक्तींना अधिकार देऊ नयेत, कामाला द्यावेत. ‘हिशेब’, ‘विक्री’, ‘गोदाम’, ‘कुटुंब’ आणि ‘सल्लागार’ असे गट करावेत. ‘हिशेब’ गटाला हिशेबात वाचन-लेखन; ‘विक्री’ला दरपत्रकात वाचन आणि आपल्या फोल्डरात लेखन; कर सल्लागारांना विवरणांच्या फोल्डरात केवळ वाचन, तसेच त्यांची कागदपत्रे टाकण्यासाठी एक वेगळा फोल्डर. कोणी आला, त्याला गटात घातले. कोणी गेला, त्याचे खाते निष्क्रिय केले. अधिकार शक्यतो वरच्या फोल्डरावर ठरवावेत आणि खाली वारशाने जाऊ द्यावेत. बदल करण्यापूर्वी जुनी मांडणी टिपून घ्यावी आणि बदलानंतर ज्याची तक्रार होती त्याच्याच खात्याने तपासावे. प्रशासकाच्या खात्याने सर्व काही उघडते, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सिनॉलॉजीत ‘परमिशन इन्स्पेक्टर’ आणि विंडोजमध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ या सोयींनी कोणाला प्रत्यक्षात काय अधिकार आहे, ते दिसते.

सर्वांत महत्त्वाचे, प्रशासकाचे खाते. ते रोजच्या कामासाठी वापरू नये आणि त्याची किल्ली एकाच माणसाच्या स्मरणात ठेवू नये. कुटुंबातील ज्येष्ठ अचानक रुग्णालयात दाखल झाले वा निवर्तले, की दुःखाच्या दिवसांतच पेढीचे सारे कागद अप्राप्य होतात; मग दोन भावांच्या शाखा एकमेकींकडे पाहू लागतात. किल्ली दोघांकडे असावी, शक्यतो दोन वेगळ्या शाखांतील दोघांकडे, आणि पासवर्ड बंद लिफाफ्यात बँकेच्या लॉकरमध्ये असावा. कोणाला कोणता अधिकार आहे आणि का आहे, ही यादी कुटुंबातील सर्वांना पाहता यावी. नियम सर्वांसमोर ठरले, की पडद्यावरील नकार कोणाला अपमानासारखा वाटत नाही.

दिवाळीत चोपडापूजनाच्या निमित्ताने पेढीवर घरातील सर्वजण एकत्र येतातच. त्याच दिवशी अर्धा तास काढून ही यादी वाचावी, गेलेल्यांची नावे काढावीत, नव्या पिढीची घालावीत आणि लिफाफ्यातील पासवर्ड अजून चालतो का, ते पाहून घ्यावे.